दोष : नाही

"झाकणं उघडा! झाकण बंद असेल तर उजेड आत शिरणार कुठून? ओ आजोबा, झाकण! झाकण!"

बंद पडलेलं सिनेमागृह शनिवारच्या दुपारी पुन्हा तुडुंब भरलं होतं. चारशे खुर्च्या, चारशे माणसं आणि चारशे उघड्या बाटल्या. कोणी बाटली मांडीत धरली होती, कोणी तान्ह्या बाळासारखी खांद्याशी. एक बाई तर पाच लिटरचा कॅन घेऊन आली होती. घरात माणसं सात आणि आजार नऊ, मग बाटली पुरणार कशी? दारं लावली होती, पडदे ओढले होते. जिथे पूर्वी नायक वीस गुंडांना एकटा लोळवायचा, तिथे आता एक टेबल होतं. टेबलावर जांभळा उजेड टाकणारी लांबट नळी होती आणि नळीमागे पांढरा कोट घातलेला एक गुळगुळीत दाढी केलेला गृहस्थ.

त्याला सगळे उजेडदादा म्हणत.

"मी बाबा नाही," उजेडदादा ध्वनिक्षेपकात म्हणाला. "मी महाराज नाही. मी कुणाला पाया पडू देत नाही. मी विज्ञानाचा माणूस! आता सांगा, तुमच्या शरीरात सगळ्यात जास्त काय आहे?"

"पाणी!" चारशे गळे ओरडले. आलेली माणसं काही पहिल्यांदा आलेली नव्हती.

"मग आजार कुठे असणार?"

"पाण्यात!"

"शाब्बास! पाण्यातला उजेड गेला की दोष शिरतो. दोष शिरला की साखर वाढते, गुडघे धरतात, झोप उडते, नवरा ऐकेनासा होतो..."

सभागृह खदखदून हसलं. लोकांना हसवलं की त्यांचा खिशावरचा हात आपोआप सुटतो, आणि हात सुटला की खिसा उघडा पडतो, हे या जातीच्या माणसांना शाळेत न जाता कळतं.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी वर गेली. घरून आणलेलं पाणी तिने स्वतःच्या हाताने पेल्यात ओतलं. उजेडदादाने पेला जांभळ्या नळीखाली धरला. पाणी काळं, मेलेलं. "बघा! अंधार!" मग त्याने काचेची एक कांडी उचलली आणि काळ्या कापडात गुंडाळलेल्या बरणीत बुडवली. "आधी कांडी धुवायची. स्वच्छतेत तडजोड नाही! जंतू गेले पाहिजेत!" लोकांनी माना डोलावल्या. केवढा टापटिपीचा माणूस! ती ओली कांडी त्याने पेल्यात घातली, एकदा ढवळली, दोनदा ढवळली, आणि पाणी पेटलं.

निळं, थंड, चंद्र वितळून पेल्यात पडावा तसं. चारशे लोकांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला. म्हातारीने डोळे मिटून घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कडू लागलं ना?" उजेडदादा गरजला. "लागणारच! तो कडूपणा माझ्या पाण्याचा नाही, आजी. तुमचा दोष बाहेर पडतोय!"

सातव्या रांगेत मामा जांभया देत बसला होता. शहराला नळाने जे पाणी येतं ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो वीस वर्षं काम करत होता. त्यामुळे दिवसभर पाणी पाहून झाल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा पाणीच बघायला येणं त्याच्या जिवावर आलं होतं. पण ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, दंडाला धरून आणलं होतं. पलीकडे ताईची पंधरा वर्षांची लेक बसली होती. खरं तर गल्लीतले सगळेच त्याला मामा म्हणत, कारण ही भाची सकाळपासून संध्याकाळपर्यंत ‘मामा, असं का? मामा, तसं का नाही?’ असा धोशा लावायची. मामाने तिचं नाव वकीलीण ठेवलं होतं.

"मामा," वकीलीण कुजबुजली, "तुझा शर्ट बघ."

मामाने खाली पाहिलं. त्या जांभळ्या अंधारात त्याचा पांढरा शर्ट निळा चमकत होता.

"तू काही प्यायलास?"

"चहा."

"मग शर्टातला दोष बाहेर पडत असेल," वकीलीण म्हणाली आणि ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली.

"गप्प बसा दोघं!" ताईने डोळे वटारले. "बरं वागा जरा. आता तुझं येणार आहे बघ."

"माझं काय येणार आहे?"

तेवढ्यात दिवे लागले, आणि उजेडदादाने पडद्याशेजारच्या माणूसभर उंचीच्या फलकावरची चादर खेचली. एक तपासणी अहवाल होता, शंभरपट मोठा केलेला. वर प्रयोगशाळेचं नाव. खाली ठसठशीत अक्षरांत दोन शब्द : दोष : नाही. आणि त्याच्याखाली ताटाएवढी मोठी सही.

सही मामाची होती.

"हे मी नाही म्हणत!" उजेडदादा हात पसरून ओरडला. "ही सरकारी प्रयोगशाळा म्हणते! हे पाणी पिणाऱ्याला दोष?"

"नाही!" चारशे जण.

"साखरेचा दोष?"

"नाही!"

"हाडांचा दोष?"

"नाही!"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. ताईने मात्र अभिमानाने त्याला कोपर मारलं. "तुझी सही मी लांबूनच ओळखली. ‘म’ला अशी शेपटी दुसरं कोण काढतंय? म्हणून तर मी डोळे झाकून गोळ्या बंद केल्या."

"कसल्या गोळ्या?"

"साखरेच्या. आज बारा दिवस झाले."

ताई एका लाँड्रीत इस्त्री करायची. आठ आठ तास उभं काम. महिन्यापूर्वी कपड्यांची ढकलगाडी टाचेवरून गेली होती आणि ती जखम अजून भरत नव्हती. मामाने बसल्या जागी वाकून तिची टाच पाहिली. पट्टीच्या कडेने कातडी काळसर झाली होती.

घरी पोहोचेपर्यंत मामा बोलत होता आणि ताई ऐकत नव्हती. घरी पोहोचल्यावर दोघंही बोलायला लागले.

"अगं, एक माणूस बाटली घेऊन आला. मी तपासली. साधं नळाचं पाणी होतं ते! आपलंच! आमच्याच टाकीतलं!"

"मग दोष नाही असं का लिहिलंस?"

"नव्हता म्हणून!"

"मग झालं तर."

"काय झालं तर? आमच्या छापील फॉर्मवर रकानाच तसा आहे. वास, रंग, गढूळपणा, जंतू. यांपैकी काही सापडलं तर लिहायचं ‘दोष : आहे’. नाही सापडलं तर ‘दोष : नाही’. पाण्यात दोष नाही, ताई! पिणाऱ्यात नाही असं मी कुठे लिहिलंय?"

"पण ‘पाण्यात’ असंही कुठे लिहिलंयस?"

खरंच लिहिलं नव्हतं. फॉर्मवर जागाच दोन शब्दांची होती.

"वीस वर्षं सह्या करतोयस," ताई पाय उशीवर ठेवत म्हणाली. "आजवर एक तरी खोटी केलीस? नाही ना? मग आता बहिणीची वेळ आली तर माघार?" तिच्या आवाजात राग नव्हता, विश्वास होता, आणि मामाला नेमका तोच झोंबला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. ताईचं म्हणणं, डॉक्टर सही करतात ती गोळ्या विकायला, माझा भाऊ सही करतो ती फुकट.

रविवारी सकाळी वकीलीण वह्या घेऊन बसली. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला होता : ‘शास्त्रज्ञांची जबाबदारी, इतिहासातले प्रसंग’. पाच पानं, मोबाइलवरून उतरवायचं नाही. मामाने मदत कबूल केली होती. कबूल करताना त्याला वाटलं होतं, पाच पानं म्हणजे दुपारच्या चहापर्यंतचं काम.

वकीलिणीने वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि पानावर तीन रकाने पाडले होते : खोटं बोलले, गप्प बसले, बोलले.

"हा बघ," ती म्हणाली. "पेट्रोलमध्ये शिसं घालायचं यानेच शोधून काढलं. कारखान्यात कामगार मरायला लागले. तर याने काय केलं, वार्ताहर बोलावले, त्यांच्यासमोर त्या रसायनात हात धुतले आणि वास घेऊन दाखवला. काही होत नाही म्हणे! आणि हा स्वतः आधी शिशाने आजारी पडून सुट्टी घेऊन आलेला."

"खोटं बोलले," मामा म्हणाला.

"लिहिलं. आता हे ऐक. शंभरेक वर्षांपूर्वी रेडियम घातलेलं पाणी विकायचे. टॉनिक म्हणून! डॉक्टर लोक घ्या म्हणायचे."

"पाणी?" मामाने मान वर केली.

"पाणी. आणि घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे काढायला कारखान्यात मुली ठेवल्या होत्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. सांगितलेलंच होतं तसं, काही होत नाही म्हणून. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र चिमट्याने आणि शिशाच्या आडोशाने काम करायचे. पुढे मुलींचे जबडे सडले, मामा."

स्वयंपाकघरातून ताईच्या लंगडत्या पावलांचा आवाज आला. एक टाच पडत होती, दुसरी घासत होती.

"ते तज्ज्ञ कुठल्या रकान्यात?" मामाने हळूच विचारलं.

"गप्प बसले."

मामाने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "आणि ज्यांनी नुसतं आपलं काम केलं? म्हणजे सांगितलेलं तपासलं, खरं तेच लिहिलं, पुढे त्याचं कोणी काय केलं ते त्यांना ठाऊक नाही, असे?"

"ठाऊक नव्हतं तोवर कुठेच नाहीत. ठाऊक झाल्यावर जे बसून राहिले ते ‘गप्प बसले’मध्ये येतात. मी विचार केलाय."

"त्यांना वेगळा रकाना कर ना."

"पानावर जागा नाही, मामा."

मग तिने पुस्तकातलं पुढचं पान त्याच्याकडे सरकवलं आणि पाणी प्यायला उठून गेली. मामाने वाचलं. त्याच घड्याळाच्या कारखान्याने एका तज्ज्ञाला तपासणीला बोलावलं होतं. त्याने स्पष्ट लिहून दिलं : धोका आहे. कारखान्याने तो अहवाल दाबला आणि सरकारला कळवलं की यांच्या तपासणीत प्रत्येक मुलगी ठणठणीत निघाली. त्या तज्ज्ञाला याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी पत्र पाठवून कळवलं, तुमच्या नावावर काय खपवलं जातंय बघा. मग त्याने कारखान्याच्या कोर्टबाजीच्या धमक्यांना न जुमानता आपला खरा अहवाल छापून टाकला.

वकीलीण परत आली तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत होता.

"हा ‘बोलले’मध्ये ना?"

"हो."

"आणि पत्र पाठवणारी?"

"ती पण. तिच्यामुळेच तर तो." वकीलिणीने त्याच्याकडे अगदी भोळ्या चेहऱ्याने पाहिलं. "मामा, तुला पत्र पाठवू की तोंडी चालेल?"

सोमवारी मामा साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "अहवालात चूक आहे?"

"नाही."

"मग?"

"साहेब, लोक औषधं सोडतायत. माझ्या बहिणीने..."

"आपण पाणी तपासतो. पाण्याचं पुढे काय होतं ते ज्याचं तो बघेल. तुम्ही तिथे जाऊन प्रयोगशाळेचं नाव घेतलंत तर खुलासा द्यावा लागेल, सांगून ठेवतो."

बाहेर पडताना मामाच्या मनात आलं, या माणसाला वकीलिणीकडे पाठवला पाहिजे. रकाना तयारच आहे.

संध्याकाळी मामा आणि वकीलीण ताईला आणायला लाँड्रीत गेले. ताई शेवटचा कपडा उरकत होती : लांब पांढरा कोट, कॉलरला सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी.

"दादांचा आहे," ती मायेने म्हणाली. लाँड्रीची शिस्त अशी, की खिशात सापडलेली वस्तू कपड्याच्या नंबरच्या पाकिटात घालायची आणि डब्यात ठेवायची. त्या डब्यात बटणं होती, किल्ल्या होत्या, कोणाची तरी नकली दाढ होती. ताईने सत्तेचाळीस नंबरचं पाकीट काढलं. "हे बघा, आणि मग त्यांना नावं ठेवा. प्रत्येक आठवड्याला खिशात ही गोळ्यांची रिकामी पट्टी सापडते. औषधवाल्याला विचारलं मी. हिवतापाच्या गोळ्या! अंगात ताप असताना हा माणूस लोकांसाठी तासन्‌तास उभा राहतो. मी कुणाला बोलले नाही. उगीच गवगवा नको."

मामाने पट्टी उजेडाकडे धरली. छापलं होतं : क्विनीन.

"आई," वकीलीण म्हणाली, "स्वतःचं पाणी असताना त्यांना गोळ्या कशाला लागतात?"

ताईची इस्त्री कोटाच्या बाहीवर जराशी जास्तच वेळ थांबली. "स्वतःचा उजेड स्वतःला लागू पडत नसेल," ती म्हणाली, आणि इस्त्री उचलली.

पण मामा ऐकतच नव्हता. त्याच्या डोक्यात दिवा लागला होता. "कडू! अगं, क्विनीनसारखं कडू दुसरं काही नाही! आणि आमच्याकडे चमक मोजायचं यंत्र आहे ना, ते बरोबर चालतंय का हे बघायला आम्ही काय वापरतो? क्विनीन! वीस वर्षं वापरतोय मी! आणि शनिवारी मठ्ठासारखा जांभया देत बसलो!"

मंगळवारी दुपारी ताईच्या न्हाणीघराच्या झरोक्याला पोतं लावून अंधार केला गेला. किराणावाला नोटा खऱ्या की खोट्या बघतो तो छोटा जांभळा दिवा वकीलिणीने मागून आणला. मामाने प्रयोगशाळेतून क्विनीनच्या द्रावणाची छोटी कुपी आणली होती. तांब्याभर पाण्यात चार थेंब टाकले, आणि न्हाणीघरात चंद्र उगवला.

"अय्या!" वकीलीण ओरडली. "मामा, तू उजेडमामा झालास!"

"डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो या नळीचा. क्विनीन तो गिळतं आणि निळा करून बाहेर टाकतं. तुझ्या साबणाच्या भुकटीतही असलंच काहीतरी घालतात, कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून. शर्ट त्यानेच चमकला."

"आणि उजेड घालवायचा कसा?"

मामा डोकं खाजवायला लागला. वकीलीण थांबली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि दिसेल तो डबा घेऊन आली. साखर टाकली : चमक तशीच. लिंबू पिळलं : उलट जास्तच. पीठ टाकलं : खीर झाली. मग नव्याने चमकवलेल्या पाण्यात मिठाचा चमचा.

दिवा चालू होता, पाणी समोर होतं, आणि उजेड बघता बघता मावळला. कोणी फुंकर मारावी तसा.

"मीठ!" मामा पालथी बादली टाकून तिच्यावर बसला. "बरोबर! मिठातलं क्लोराइड! क्विनीन उजेड टाकायला तोंड उघडतं आणि क्लोराइड तोंडावर हात ठेवतं. शिकलो होतो मी हे. विसरलो होतो."

पाच वाजता ताई आली. तिला दारातूनच न्हाणीघरात ओढलं. तिने उजेड लागताना पाहिला, विझतानाही पाहिला. मग म्हणाली, "तू प्रयोगशाळेतला माणूस. तू काय, काहीही करशील."

"अगं, मग तो काय वेगळं करतो?"

"ते माझ्या डोळ्यांदेखत घरच्या पाण्यात करतात. तुझ्या कुपीचं मला काय कौतुक?"

"आई," वकीलीण म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच वकिलासारखा नव्हता. "तुझी टाच काळी पडतेय."

ताईने लेकीकडे बघितलं, टाचेकडे बघितलं, आणि मग मिठाच्या डब्याकडे.

"त्यांच्या हातचा उजेड जर असा विझला," ती म्हणाली, "तर मी गोळी घेईन. आणि नाही विझला तर तुम्ही दोघं पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बुधवारी सभागृह पुन्हा भरलं. मामाने पाकिटात मीठ आणलं होतं. आज तो व्यासपीठावर जाणार होता. भाषणही पाठ केलं होतं. नंबर पुकारला गेला आणि तो उठणार, तोच शेजारची खुर्ची रिकामी झाली. ताई लंगडत पायऱ्या चढत होती.

"या, माई, या!" उजेडदादाने हात दिला. "काय त्रास?"

"साखर. आणि टाच."

"पाणी कुठलं?"

"नळाचं. माझ्या भावाच्या टाकीतलं."

पेला भरला. जांभळी नळी, काळं पाणी, ‘अंधार बघा अंधार’. कांडी बरणीत बुडली, ‘स्वच्छता!’, आणि पेल्यात ढवळली. पाणी निळं पेटलं. "आऽऽ!"

"प्या, माई. एका घोटात."

ताईने पेला हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. चाखला. आणि कमरेला खोचलेली पुडी काढली.

"हे काय करता?"

"मला थोडं अळणी लागतं हो," ताई म्हणाली, आणि मूठभर मीठ आत टाकून त्याच्याच कांडीने ढवळलं.

उजेड विझला.

सभागृहात मागच्या रांगेतली बाटली घरंगळल्याचा आवाज पुढे ऐकू आला. ताई पेला नळीखाली इकडे फिरवून पाहत होती, तिकडे फिरवून पाहत होती, हरवलेली वस्तू शोधावी तशी.

"दोष!" उजेडदादा सावरला. "या बाईंमध्ये इतका दोष आहे की उजेडसुद्धा टिकला नाही! लोकहो, दिवे लावा! पुढचा नंबर!"

"दिव्याला हात लावायचा नाही!" बटणांच्या पाटीसमोरून वकीलीण ओरडली. ती तिथे दोन्ही हात पसरून उभी होती आणि उजेडदादाचा मदतनीस तिच्यासमोर गोंधळून उभा होता. तेवढ्या वेळात मामा व्यासपीठावर पोहोचला. भाषणातला एकही शब्द त्याला आठवेना. म्हणून त्याने सरळ बरणीवरचं काळं कापड ओढलं.

जांभळ्या उजेडात बरणी भडकली. पेल्यातला उजेड तिच्यापुढे काजवा. अख्खा पडदा निळा झाला, पहिल्या तीन रांगांचे चेहरे निळे झाले, आणि सगळ्यात निळा झाला उजेडदादा.

"कांडी धुवायचं पाणी," मामा म्हणाला. "जंतू मारायचं. हिवतापाच्या गोळ्या लिंबाच्या सत्त्वात विरघळवल्या आहेत यात. कडू त्याच लागतात, तुमचा दोष नाही. कांडी यात बुडते आणि तुमच्या पेल्यात जाते. उजेड बाहेरून येत नाही. तो कांडीला चिकटून येतो."

"खोटं!" उजेडदादा ओरडला. "पवित्र पाणी आहे ते!"

"मग झाकून का ठेवलंत?" पहिल्या रांगेतल्या त्याच म्हातारीने विचारलं.

बघता बघता कोणाच्या तरी पर्समधून, कोणाच्या डब्यातून मिठाच्या पुड्या निघाल्या. पाच लिटरवालीने कॅन थेट टेबलावर आदळला आणि म्हणाली, "माझ्याही पाण्यात करून दाखवा, आणि मग मीठ मी टाकणार!" सगळ्या सभागृहात त्या दिवशी लोक खऱ्या अर्थाने मिठाला जागले. उजेडदादा मागच्या दाराने निसटला. ओळखू येऊ नये म्हणून काढलेला कोट मात्र खुर्चीवरच राहिला.

पण मामा खाली उतरला नाही. तो फलकाकडे वळला.

"आणि ही सही," तो म्हणाला, "माझी आहे. खरी आहे."

गलका थांबला.

"अहवालही खरा आहे. पण तो साध्या नळाच्या पाण्याचा आहे. त्यात घाण नाही, एवढंच मी तपासलं. साखर बरी होते का, हे मी तपासलं नाही, मला ते तपासता येत नाही. माझ्या दोन शब्दांचा अर्थ याने बदलला, आणि मी ते शब्द असे लिहिले होते की कोणालाही बदलता येतील. शनिवारी मी हा फलक पाहिला. त्याच वेळी उठून बोलायला हवं होतं. मला चार दिवस लागले." त्याने खिशातलं पेन काढून त्या ताटाएवढ्या सहीखाली लिहिलं : फक्त पाण्यात. पेन बारीक होतं, कोणाला दिसलं नसेल. पण लिहिलं.

"पण माझा गुडघा खरंच बरा वाटत होता," मागून एक गृहस्थ नाराजीने म्हणाला.

"वाटत होता ना? मग चालत दवाखान्यात जा," पाच लिटरवाली म्हणाली.

सभागृहाबाहेर येऊन ताई पायरीवर बसली. मामा शेजारी बसला. त्याला वाटलं, आता ती शाबासकी देईल.

"शनिवारीच का नाही बोललास?" ताई म्हणाली. "चार दिवस माझी टाच तुझ्या सहीवर कुजत होती."

मामाने उठून रिक्षा बोलावली. डॉक्टरीणबाईंनी टाच पाहिली, ताईला चांगलं फैलावर घेतलं, मामालाही घेतलं, आणि म्हणाल्या, आणखी आठ दिवस गेले असते तर टाच काढावी लागली असती. आता भरेल. महिनाभराने ती भरलीसुद्धा. ताई पुन्हा आठ तास उभी राहून इस्त्री करते, गोळी वेळेवर घेते, आणि सत्तेचाळीस नंबरचा तो कोट लाँड्रीत फरशी पुसायला वापरते.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मामाने तो एका ओळीत दिला : ‘ठाऊक झाल्यावर गप्प बसलो असतो, तर खुलासा द्यावा लागला असता.’ साहेबांनी तो फाइलला लावला आणि त्यावर अजून काही शेरा मारलेला नाही. तेव्हापासून मामा प्रत्येक अहवालावर हाताने दोन ओळी लिहितो : काय तपासलं आणि काय तपासलं नाही. छापखान्यातून नवे फॉर्म येईपर्यंत त्याची बोटं दुखणार आहेत. दुखू देत.

वकीलिणीचा प्रकल्प पाचाचा सात पानांचा झाला. बाईंनी दोन पानं जास्त म्हणून कुरकुर केली. शेवटच्या पानावर, ‘बोलले’ या रकान्यात, तिसऱ्या ओळीवर तिने लिहिलं होतं : ‘आमचा मामा. उशिरा.’ त्याच्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती. ती मामाने घातली होती : ‘पत्र पाठवणारी भाची. वेळेवर.’

आता हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. उजेडदादा पळाला असला तरी संपलेला नाही. तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या कोटात उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागे एखादा फलक असेलच. त्यावरची सही कदाचित खरी असेल, शिक्काही खरा असेल. म्हणून सही बघून मान डोलावू नका. विचारा, कशाची तपासणी केली? आणि कशाची केली नाही? बरणीवर कापड का आहे? आणि तुम्ही स्वतः सही करणारे असाल, मास्तर, डॉक्टर, इंजिनियर किंवा पाण्याच्या थेंबात डोळे घालून बसणारा साधा माणूस असाल, तर तुमचे शब्द कोण कुठे टांगतंय ते अधूनमधून बघून या. टांगलेलं दिसलं, तर चार दिवस थांबू नका.